पलीकडच्या ‘हॅलो’चं काय?

लातूरमध्ये जून-जुलैत शिकवणीचे नवे वर्ग भरले की प्रेरणादायी व्याख्यानांची रांग लागते. तेच वक्ते पुढे उदगीर-अहमदपूर करत जळकोटच्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत येतात. या व्याख्यानांत एक गोष्ट हमखास असते. अमेरिकेतले दोन तरुण, खिशात पैसे नाहीत, पण डोकं तल्लख. ते एक छोटा ‘ब्लू बॉक्स’ बनवतात, त्यातून निघणाऱ्या सुरांनी बलाढ्य टेलिफोन कंपनीला चकवतात, जगभर फुकट फोन लावतात आणि पुढं त्यातूनच अ‍ॅपल कंपनी उभी राहते. शेवटी समोर बसलेल्या लेकरांना सांगितलं जातं: नियम मोडायची हिंमत करा. त्या पोरांनी कुणाचं काय बिघडवलं? गेलं ते एका श्रीमंत कंपनीचं. आपल्याकडं असली हिंमत कुणी करत नाही, म्हणून आपल्याकडं अ‍ॅपल होत नाही.

या मांडणीला माझा विरोध आहे. गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच सांगितली जाते. कुणाचं नुकसान झालं नाही, तो निव्वळ जिज्ञासेचा खेळ होता आणि आपण भित्रे म्हणून मागं राहिलो, हे तिच्यातून काढलेले तिन्ही निष्कर्ष मला साफ चुकीचे वाटतात. ज्या भागात एका ट्रंक कॉलसाठी माणसं दिवस-दिवस ताटकळली, त्या भागात तरी ते बिनबोभाट खपू नयेत.

आधी त्या पोरांच्या पदरात त्यांचं श्रेय टाकू. त्या काळी अमेरिकेत लांब पल्ल्याच्या लाइनवर माणसांचं बोलणं आणि एक्स्चेंजांचे आपसातले इशारे एकाच वाटेनं जात. लाइन रिकामी असली की तिच्यावर २६०० हर्ट्झचा सूर चालू असे. सूर थांबला की पलीकडचं एक्स्चेंज समजे, लाइन कुणीतरी घेतली. आता समजा, कुणी एखादा फुकटचा ८०० नंबर लावला आणि मध्येच तोच सूर रिसीव्हरमध्ये सोडला. पलीकडच्या एक्स्चेंजला वाटे, हा माणूस फोन ठेवून गेला. सूर बंद झाला की ते नवा नंबर घ्यायला तयार. अलीकडचं, बिल करणारं एक्स्चेंज मात्र तो पहिला फुकटचा फोनच चालू आहे असं धरून बसे. नवा नंबर सांगायला दोन-दोन सुरांच्या जोड्या लागत. त्या जोड्या कोणत्या, हे बेल या टेलिफोन कंपनीच्याच तांत्रिक नियतकालिकानं नोव्हेंबर १९६०च्या अंकात तक्त्यासकट छापलं होतं. यंत्रणा बांधणाऱ्यांनी विश्वासावर सोडलेली ही फट होती आणि ती हेरणाऱ्यांची बुद्धी दाद देण्यासारखीच होती.

त्यातला ‘जो’ एंग्रेशिया हा पोरगा मला फार जवळचा वाटतो. जन्मापासून आंधळा, कान विलक्षण, कोणताही सूर अचूक पकडणारा. लहानपणी शीळ घालता घालता त्याच्या लक्षात आलं की एका ठरावीक सुरावर चालू फोन तुटतो. पुढं साठच्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या विद्यापीठात तो नुसत्या शिळेनं मित्रांना फोन लावून देऊ लागला आणि विद्यापीठानं त्याच्यावर कारवाई केली. एक्स्चेंजच्या आतली खडखड ऐकून ते कोणत्या जातीचं आहे, हे तो सांगू शके. आंधळ्या मुलांचं एक जाळंच अशा फोनवर जमलेलं होतं. एकमेकांना न पाहता रात्र-रात्र गप्पा मारण्याची ती त्यांची जागा होती. त्यांना गुन्हेगार म्हणून मोडीत काढणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा नाही. एंग्रेशिया यंत्रणेला हात लावत होता, पण स्वतःच्या ओठांनी, स्वतः कान देऊन, आणि पलीकडं कोण आहे हे ऐकत.

ऑक्टोबर १९७१मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात रॉन रोझेनबॉमचा या मंडळींवरचा लेख आला आणि चित्र बदललं. तो लेख वाचून स्टीव्ह वॉझ्निॲकनं डिजिटल ब्लू बॉक्स बनवला; स्टीव्ह जॉब्ज म्हणाला, आपण हे विकू. बर्कलेच्या वसतिगृहांत खोली-खोलीतून, दीडशे डॉलरच्या आसपास दरानं ते डबे विकले गेले. घेणाऱ्याला ना कान लागत होता, ना समज. बटण दाबलं की झालं. व्याख्यानात सांगितली जाणारी ‘जिज्ञासा’ नेमकी इथं संपते. वॉझ्निॲकनं केली ती जिज्ञासा. वसतिगृहातल्या गिऱ्हाइकानं विकत घेतला तो फुकट फोन. जॉब्जनं पुढं सांगितलं आहे की ब्लू बॉक्स नसते तर अ‍ॅपल झालं नसतं. त्याच्या मनात ते तसं असेलही. दोन पोरांना आपण काही बनवू शकतो असा भरवसा त्यातून मिळाला, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. तो भरवसा दुसऱ्या कुठल्याही यंत्रानं दिला असता.

आता ‘गेलं ते कंपनीचं’ या वाक्याकडं येऊ. कंपनी गप्प बसली नव्हती. १९६४ ते १९७० या काळात अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीनं हे डबे पकडायला ‘ग्रीनस्टार’ नावाची गुप्त यंत्रणा चालवली. तिनं सुमारे ३ कोटी ३० लाख लांब पल्ल्याचे फोन चाळले आणि त्यांतल्या १५ लाखांहून अधिक फोनचा काही भाग ध्वनिमुद्रित केला. ज्यांनी आयुष्यात कधी ब्लू बॉक्स पाहिला नव्हता, अशा माणसांची बोलणी त्यांना न विचारता टेपवर गेली. आईनं मुलाला केलेला फोन, डॉक्टरनं रोग्याला केलेला फोन, काहीही. १९७५मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली. कंपनीच्या या कृत्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण फुकट फोनची किंमत फक्त कंपनीनं मोजली, असं म्हणणाऱ्यानं हे १५ लाख तुकडे कुणाच्या खात्यावर मांडायचे, ते सांगावं.

आमच्याकडची कहाणी तर याहून सरळ आहे. इथं कंपनी श्रीमंत नव्हती आणि लाइनही मुबलक नव्हती. जळकोटसारख्या गावात फोन म्हणजे डॉक्टर, अडत दुकान, पोलीस ठाणं आणि दोन-चार सधन घरं. बाकी सगळे ‘पीपी’. लग्नाच्या पत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर नंबर छापायचा आणि पुढं पीपी लिहायचं, म्हणजे फोन शेजारच्या घरी, निरोप आम्हाला. ट्रंक कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं आणि तिथंच बाकावर बसून राहायचं. ऑपरेटरचा आवाज आला की सगळी आळी ऐकेल एवढ्या मोठ्यानं बोलायचं. रात्री-अपरात्री पीपीवाल्या घरी घंटी वाजली की तिकडचं माणूस कंदील घेऊन धावत यायचं, आणि त्याच्या चपलांचा आवाज ऐकूनच बायकांच्या पोटात गोळा यायचा. रात्रीचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर दवाखान्यात आहे. घंटीला वजन होतं.

अशा ठिकाणी लाइन कुणी अडवली तर ती कंपनीची अडत नाही, शेजाऱ्याची अडते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जमीन हलली. त्या दिवशी पुण्या-मुंबईत, हैदराबादेत कामाला असलेल्या आमच्या भागातल्या माणसांना एकच काळजी होती: गावाकडं लाइन मिळेल का? खेड्यात बसवलेल्या लहान एक्स्चेंजमध्ये गावातल्या फोनसाठी जागा असतात आणि बाहेरगावी जाणाऱ्या मोजक्या लाइनी असतात. त्या मोजक्या लाइनी भरल्या की गावातले सगळे फोन सुरू असूनही गाव मुकं होतं. ही साधी गोष्ट ज्यानं पाहिली आहे, तो ‘कुणाचं नुकसान झालं नाही’ असं म्हणणार नाही.

आणि आपल्या पोरांनी फोनची यंत्रणा चकवली नाही, हेही खरं नाही. काळ्या डायलच्या फोनला छोटं पितळी कुलूप लावायची पद्धत होती. डायलच्या एका भोकात ते बसवलं की चकती फिरत नसे, आणि घरमालक निर्धास्त असे. पण डायल करतं काय? चकती परत येताना लाइन तितक्या वेळा तोडते-जोडते. पाच फिरवला तर पाच वेळा, शून्य फिरवला तर दहा वेळा. रिसीव्हर ठेवायची जी खुंटी, तीसुद्धा दाबली की लाइन तुटते. मग काय, खुंटीवर बोटानं ठरावीक चालीत टिचक्या मारायच्या: तीन, थोडं थांबून सात, मग दहा. चाल चुकली तर भलत्याच घरी फोन जातो. कुलूप जागच्या जागी आणि नंबर लागलेला! ही युक्ती कुण्या मासिकात वाचून आली नव्हती. कचेऱ्यांतल्या शिपायांना, बूथवर बसणाऱ्या पोरांना आणि वसतिगृहांना ती ठाऊक होती. तिच्यामागची समज ब्लू बॉक्समागच्या समजेच्याच जातीची आहे.

पण बिल कुणाला आलं? कुलूप ज्यानं लावलं होतं त्याला. एसटीडी, म्हणजे बाहेरगावी थेट फोन लावण्याची सोय, घरोघर आल्यावर हाच प्रकार तारेवर सुरू झाला. खांबावरच्या किंवा जिन्याखालच्या डब्यातून दुसऱ्याच्या तारांच्या जोडीला तार लावायची, रात्री आखाती देशात बोलायचं आणि सकाळी मोकळं व्हायचं. नव्वदच्या दशकात फुगलेल्या टेलिफोन बिलांच्या तक्रारींनी ग्राहक मंच भरून गेले होते. निवृत्त मास्तरच्या नावावर दुबईचे फोन आणि ‘मीटर खोटं बोलत नाही’ हे उत्तर. पुढं एसटीडीला आकड्यांचं कुलूप देण्याची सोय आली, ती याच अनुभवातून. इथं चोरी थेट एका माणसाच्या घरात शिरत होती, आणि निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं ओझंही त्याच्यावरच पडत होतं.

इथपर्यंत निदान चोरणारा माणूस स्वतः लाइनवर होता. पुढची पायरी घरगुती संगणकानं गाठली. या सगळ्या वादात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच, आणि व्याख्यानांतून गायब असते तीही हीच.

१९७७मध्ये जॉन ड्रेपर अ‍ॅपलसाठी काम करत होता. कॉर्नफ्लेक्ससारख्या खाऊच्या पाकिटातल्या खेळण्यातल्या शिट्टीतून २६००चा सूर निघतो, यावरून ‘कॅप्टन क्रंच’ नाव पडलेला तोच हा ड्रेपर. त्यानं अ‍ॅपल-२ संगणकासाठी टेलिफोनचं एक कार्ड बनवलं. ते स्वतः नंबर लावी, सूर काढी आणि पलीकडून आलेला सूर ओळखी. अ‍ॅपलनं ते बाजारात आणलं नाही. पण कल्पना थांबली नाही. १९८१मध्ये संगणक फोनच्या लाइनला जोडणारा हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि संगणकातून एक ओळ लिहून फोन लावणं कुणालाही जमू लागलं. नोव्हेशन कंपनीचा अ‍ॅपल-कॅट मोडेम तर प्रोग्रॅम सांगेल ते सूर काढत असे. १९८२च्या कमोडोर ६४ मध्ये संगीतासाठी तीन आवाजांची चिप होती. ब्लू बॉक्सच्या सुरांच्या जोडीला दोनच आवाज लागतात. जो डबा पूर्वी तारा जुळवून बनवावा लागे, तो आता फ्लॉपीवर फिरू लागला. १९८३च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटात एक शाळकरी पोरगा संगणकाला एका शहरातले सगळे नंबर ओळीनं लावायला सांगतो. त्यावरूनच या प्रकाराला वॉर-डायलिंग हे नाव पडलं.

तो प्रोग्रॅम करतो काय, ते नीट पाहू. एका एक्स्चेंजचे शेवटचे चार आकडे म्हणजे दहा हजार नंबर. ०००० पासून ९९९९ पर्यंत एकेक लावायचा, तीस-चाळीस सेकंद वाट पाहायची, पलीकडं संगणकाची किणकिण ऐकू आली तर नंबर टिपून ठेवायचा, नाहीतर फोन ठेवून पुढचा. रोज रात्रभर चालवला तर साधारण पंधरवड्यात अख्खं एक्स्चेंज पालथं. नव्वदच्या दशकातला ‘टोनलॉक’ हा यातला गाजलेला प्रोग्रॅम. त्यात या दहा हजार नंबरांचा नकाशा पडद्यावर दिसे, प्रत्येक नंबरचा एक ठिपका. संगणक सापडला तर एक रंग, लाइन व्यस्त असेल तर दुसरा, कुणी उचललंच नाही तर तिसरा. आणि माणूस ‘हॅलो’ म्हणाला तर त्यासाठीही एक रंग.

या ठिपक्यापाशी थांबायला हवं. रात्री दोन वाजता एक माणूस अंथरुणातून उठला, अंधारात चाचपडत फोनपर्यंत गेला आणि धडधडत्या छातीनं ‘हॅलो’ म्हणाला. पलीकडून काही नाही, फोन कट. त्या माणसाची ती सगळी धावपळ पडद्यावर एक निरुपयोगी ठिपका होऊन पडली, कारण शोध संगणकाचा होता आणि माणूस मध्ये आला. आणि प्रोग्रॅम चालवणारा पोरगा? तो झोपलेला. एंग्रेशिया आणि हा पोरगा यांच्यात मला दिसणारं अंतर हेच. पहिला स्वतः ऐकत होता. दुसऱ्यानं ऐकण्याचं काम यंत्राला दिलं आणि झोपमोड मात्र अनोळखी माणसांच्या वाट्याला ढकलली. चोरी किती पैशांची झाली, हा प्रश्न इथं दुय्यम ठरतो. एक पैसाही न चोरता दहा हजार घरांची झोप मोडता येते.

यावर जाणकारांचं एक उत्तर असतं आणि ते वजनदार आहे. ते म्हणतात, प्रोग्रॅम निर्दोष असतो. याच टोनलॉकच्या मदतीनं कंपन्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी आपल्याच इमारतीत विसरलेले, कुलूप नसलेले मोडेम शोधून काढले. हे खरं आहे. पण त्या अधिकाऱ्याजवळ त्या नंबरांच्या मालकाची परवानगी होती; तो आपल्याच घराची दारं हलवून पाहत होता. परवानगी असेल तर तोच प्रोग्रॅम तपासणी ठरतो, नसेल तर घुसखोरी. म्हणून ‘साधन निर्दोष’ हे वाक्य पोरांना सांगायचं असेल, तर परवानगीचा अर्धा भागही त्याच श्वासात सांगावा लागेल.

यंत्रणेतली ती फट पुढं बुजली. १९७६पासून अमेरिकेत एक्स्चेंजांचे इशारे बोलण्याच्या लाइनवरून काढून वेगळ्या मार्गानं पाठवणं सुरू झालं, आणि हळूहळू शीळ-सूर सगळे निकामी झाले. ब्लू बॉक्स संग्रहालयात गेला. ओळीनं नंबर लावणारा प्रोग्रॅम मात्र मेला नाही. त्यानं धंदा बदलला. कॉल सेंटरमधली यंत्रं एकेका कर्मचाऱ्यामागं एकाच वेळी अनेक नंबर लावतात, कारण यातले निम्मे उचलणार नाहीत असा त्यांचा हिशेब असतो. हिशेब चुकला आणि जास्त माणसांनी उचललं, तर बोलायला कुणीच मोकळं नसतं. आपण ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतो, पलीकडं शांतता, मग कट. टोनलॉकचा तो ठिपका आता आपल्या खिशात रोज वाजतो.

अमेरिकेनं १९९१मध्येच कायदा करून आपोआप नंबर लावणाऱ्या यंत्रांवर बंधनं घातली. पण एप्रिल २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फेसबुकच्या खटल्यात निकाल दिला की यंत्र यादृच्छिक किंवा ओळीनं नंबर तयार करणारं असेल तरच ते या कायद्याच्या व्याख्येत बसतं. साठवलेल्या यादीतले नंबर लावणारं यंत्र बसत नाही. म्हणजे कायद्याची नजर नंबर कसा निवडला यावर राहिली. उचलणाऱ्यानं होकार दिला होता का, हा प्रश्न मागं पडला. आपल्याकडं दूरसंचार नियामक ट्रायनं २००७मध्ये ‘डू नॉट कॉल’ची नोंदवही आणली, १९०९ नंबर दिला, २०१८मध्ये व्यापारी संदेशांसाठी नवे नियम केले, ऑगस्ट २०२४मध्ये नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांच्या लाइनी तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश दिले. पावलं योग्य दिशेनं आहेत. तरी अनोळखी नंबर दिसला की आमच्या घरांतून आज फोन उचललाच जात नाही. आणि त्यात लातूरच्या दवाखान्यातून रक्तासाठी आलेला फोन असतो, पीक विम्याच्या पाहणीला शेतात कधी येऊ असं विचारणारा फोन असतो, हॉस्टेलवरून दुसऱ्याच्या मोबाइलवरून बोलणारी मुलगी असते. तिरू नदीकाठच्या शेतात माणूस घाम पुसून खिशातून फोन काढतो, नंबर बघतो आणि परत ठेवतो. ज्या घंटीला आमच्या आई-वडिलांच्या काळात एवढं वजन होतं, तिचं वजन लाखो फुकट घंट्यांनी घालवलं. हे नुकसान कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसणार नाही.

या परंपरेचा एक धागा थेट आमच्या जिल्ह्यात येऊन पोचला, हे व्याख्यात्यांनी लक्षात घ्यावं. जून २०१७मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं लातूरमध्ये बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडलं. जम्मू-काश्मीरमधल्या लष्करी गुप्तवार्ता विभागाकडून आलेल्या माहितीवरून ती कारवाई झाली. असं एक्स्चेंज म्हणजे एका खोलीत इंटरनेटची जोडणी आणि कित्येक सिमकार्डं एकाच वेळी मावतील असं यंत्र. परदेशातून इंटरनेटवरून फोन येतो, यंत्र तो एखाद्या स्थानिक सिमवरून पुढं लावतं. त्या काळात परदेशी फोन भारतात उतरवायला मिनिटाला ५३ पैसे द्यावे लागत, ते वाचतात. आणि घेणाऱ्याच्या पडद्यावर परदेशी नंबराऐवजी इथलाच साधा मोबाइल नंबर दिसतो. ब्लू बॉक्सचं तत्त्व तेच: बिल करणाऱ्या यंत्रणेला एक गोष्ट दाखवायची आणि प्रत्यक्षात दुसरी करायची. इथं मात्र चकवला जातो तो उचलणारा माणूस. बोलणारा कुठून बोलतोय हेच त्याच्यापासून लपवलेलं असतं. अशा यंत्रातली सिमं बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कागदपत्रांवर घेतलेली असतात. उद्या चौकशी निघाली तर दारात पोलीस येतात ते आधार कार्डाची झेरॉक्स कधीतरी कुणाच्या हातात दिलेल्या मजुराच्या.

तेव्हा ‘नियम मोडायची हिंमत करा’ हे वाक्य लातूर जिल्ह्यातल्या सभागृहात उच्चारताना समोर कोण बसलंय ते पाहावं. ज्या पोराला बारावीनंतर काम नाही, ज्याला संगणक थोडाफार येतो आणि ज्याला कुणीतरी ‘खोली भाड्यानं घे, यंत्र आम्ही देतो, महिन्याला पैसे मिळतील’ असं सांगतं, त्याला हे वाक्य वेगळं ऐकू येतं.

आता भित्रेपणाच्या आरोपाचं उत्तर. १९८४मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि आपल्याच अभियंत्यांनी १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. जुलै १९८६मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला बसलं. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. हे आपल्या उन्हात, धुळीत, वीज जात-येत असताना चालायला हवं होतं आणि ते चाललं. पुढं खेड्यापाड्यांत फोन पोचला त्यात या यंत्राचा मोठा वाटा आहे. मोठ्या कंपन्यांच्या पद्धतीला दिलेलं याहून धाडसी आव्हान मला ठाऊक नाही, आणि त्यात कुणाच्या बिलावर दुबई चढली नाही.

दुसरं उदाहरण त्याहून साधं. मिस्ड कॉल. एक घंटी म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘फाट्यावर घ्यायला या’. यंत्रणेच्या इशाऱ्यांतून, एक पैसा न देता निरोप पाठवण्याची ही युक्ती कुणी एकानं शोधली नाही. एसटी स्टँडवरच्या, उसाच्या फडातल्या, पुण्याच्या कंपन्यांत राबणाऱ्या माणसांनी आपसात ठरवून ती रूढ केली. ब्लू बॉक्सवाल्यांनाही मान डोलवावी लागेल अशी ती फट आहे. फरक असा की इथं दोन्ही टोकांच्या माणसांचं आधी ठरलेलं असतं आणि घंटी कुणाची वाजणार आहे ते दोघांनाही माहीत असतं. २०११मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायला लाखो लोकांनी मिस्ड कॉल दिले. बंगळुरूच्या झिपडायल कंपनीनं मिस्ड कॉलवरच उद्योग उभा केला आणि जानेवारी २०१५मध्ये ट्विटरनं ती विकत घेतली. व्याख्यानाला गोष्टच हवी असेल तर ही आहे की.

आणि मुलांना प्रत्यक्ष करून पाहायचं असेल, तर शाळेत जुने डायलचे फोन भंगारात पडलेले असतात. त्यातले दोन आणि एक बॅटरी जोडून प्रयोगशाळेत लाइन करता येते. खुंटीवरच्या टिचक्या मुलांनी तिथं माराव्यात, २६००चा सूर संगणकावर काढून ऐकावा, दहा हजार नंबरांचा प्रोग्रॅमसुद्धा लिहून पाहावा, फक्त तो त्या दोन फोनांच्या पलीकडं जाऊ नये. एंग्रेशियाची गोष्ट जरूर सांगावी, आणि ड्रेपरची पूर्ण सांगावी: फोनच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगत असतानाच त्यानं ‘ईझीरायटर’ हा लेखनाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९८१मध्ये आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत तो विकला गेला.

ट्रायकडं माझी मागणी एकच आहे. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनं तक्रार करायची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली, हे चांगलं झालं. पण तक्रार करायचं काम अजूनही घंटी ऐकणाऱ्याकडंच आहे. किती नंबर यंत्रानं लावले, त्यांतल्या किती ठिकाणी माणसानं उचलल्यावर पलीकडं कुणीच बोललं नाही, हा आकडा प्रत्येक टेलिमार्केटरनं दर महिन्याला स्वतःहून ट्रायला द्यावा, आणि ट्रायनं तो कंपनीच्या नावासकट जाहीर करावा. यंत्राजवळ ही नोंद असतेच, टोनलॉकजवळसुद्धा होती.